मागच्या काचेखालचे स्पीकर

जुन्या गाडीचं दार उघडलं की मला आधी वास येतो. उन्हात भाजलेलं रेक्झिन, सीटखाली कधीकाळी सांडलेलं दूध, उदबत्ती, कुणाच्या तरी पानातला कात, असं सगळं मिळून एक वास तयार होतो आणि त्यावरून मालक कसा असेल याचा बराचसा अंदाज येतो. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर ‘कांबळे कुशन आणि टेप फिटिंग’ असं लिहिलेलं होतं. पेंटरने ‘कुशन’ मोठं काढलं आणि जागा संपत आल्यावर ‘टेप फिटिंग’ कोपऱ्यात कोंबलं. त्यामुळे सगळा तालुका मला कुशनवाला म्हणायचा आणि मला त्याचा राग यायचा, कारण माझा जीव टेपमध्ये होता. सीटला टाके कुणीही घालील, पण गाडीत आवाज बसवणं ही वेगळी गोष्ट आहे, असं मी येईल त्याला ऐकवायचो. माझी बायको म्हणायची, तुम्ही गिऱ्हाइकाला स्पीकर कमी आणि भाषण जास्त देता.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नवीन गाड्या नुकत्याच गावात दिसू लागल्या होत्या, पण रस्त्यावर राज्य होतं ते अँबॅसिडर आणि पद्मिनीचं, नाहीतर ताडपत्रीच्या जीपचं. या गाड्यांचं इंजिन मेकॅनिक बघायचा, पत्रा डेंटर बघायचा आणि आतलं जे काही हाताला, डोळ्याला, कानाला लागतं ते सगळं माझ्याकडे यायचं. आमच्याकडचं ऊन डॅशबोर्डला सोडत नाही. काचेतून दिवसभर तापून रेक्झिन आधी फुगतं, मग भेगाळतं आणि शेवटी त्याखालच्या फोमचा भुगा होऊन ड्रायव्हरच्या मांडीवर पडायला लागतो. मग मी सगळं उतरवायचो. मीटर, बल्ब, वायरी, सगळं सुटं. कुठली वायर कुठली हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येकीला शिवणाचा वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचो. ही माझ्या आईची युक्ती. ती लोकांचे कपडे शिवायची आणि कुणाचा ब्लाउज कुठला हे दोऱ्यावरून ओळखायची.

जुना फोम खरवडायचा, पत्रा घासून साफ करायचा, नवीन फोम कापून बसवायचा, मग चिकटवायचं सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. सगळी कला त्या थांबण्यात आहे. सोल्यूशनला बोट लावल्यावर ओढ जाणवली पाहिजे, पण बोटाला काही आलं नाही पाहिजे. तोवर रेक्झिन बाहेर उन्हात पसरून मऊ करून ठेवायचं, कारण गार रेक्झिन कोपऱ्यावर वळत नाही. ज्या उन्हानं डॅशबोर्ड खाल्ला त्याच उन्हाकडून मी तो दुरुस्त करून घ्यायचो.

स्पीकरचं काम याहून नाजूक. त्याचा कागदी पडदा दोन्ही अंगठ्यांनी अलगद दाबायचा. आत घासल्यासारखं वाजलं तर तो स्पीकर गेला. नुसता फाटला असेल तर पातळ मलमल आणि रबराचं सोल्यूशन लावून तो वाचवता येतो. माळेगावकडच्या गाड्यांचे स्पीकर उघडले की साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी निघायची, गळीत हंगाम चालू आहे की संपला हे मला त्यावरून कळायचं. शेवटी टॉर्चचा सेल घेऊन त्याची टोकं स्पीकरच्या वायरींना टेकवायची. पडदा बाहेर उचलला जातो की आत ओढला जातो ते बघायचं आणि दोन्ही स्पीकर एकाच बाजूला उचलतील असे जोडायचे. एक आत आणि एक बाहेर गेला तर गाण्यातली ढोलकी गायब होते. मालकाला वाटतं टेप खराब आहे. खराब काही नसतं, दोघांचं पटत नसतं एवढंच.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर मोरगावच्या एका जीपवाल्याची आठवण येते. चतुर्थीला त्यानं गाडी देवळाजवळ उभी केली आणि प्रसादाचा नारळ आणि पेढे डॅशबोर्डवर ठेवून तो रांगेत गेला. जीपला दारं नव्हतीच. शेळी आत चढली, पेढे खाल्ले आणि गोडी लागल्यामुळे असेल, डॅशबोर्डचं रेक्झिनही ओढून खाल्लं. “देवाच्या दारात झालंय, भांडायचं तरी कुणाशी?” असं म्हणत तो माझ्याकडे आला आणि वर मला बजावलं, “ह्या टायमाला असं रेक्झिन लावा की शेळीला आवडलं न्हाय पायजे.” मी तोपर्यंत शेळीच्या आवडीनिवडीचा विचार केला नव्हता. इंदापूरच्या एका किराणा दुकानदाराला वाटायचं की डॅशबोर्डमागे रातकिडा राहतो. मीटरची केबल कोरडी पडून वाजत होती, मी तेल सोडलं, आवाज बंद झाला. तो आठवड्यानं परत आला आणि म्हणाला, गाडी मुकी झाल्यासारखी वाटतीया.

पण जे सांगण्यासाठी बसलो आहे ते गणपततात्यांच्या गाडीचं.

गणपततात्या इंदापूरचे. एसटी स्टँडसमोर त्यांची अँबॅसिडर भाड्यासाठी उभी असायची. एके काळी पांढरी असलेली ती गाडी आता सायीच्या रंगाची झाली होती. नवरीला सासरी पोचवायचं म्हटलं की लोक तात्यांकडे जायचे. अर्ध्या तालुक्याच्या लेकी त्या गाडीतून गेल्या होत्या. त्यांच्या गाडीला कधी घाई नसायची आणि कधी हिसका बसायचा नाही. मग उंच, चकचकीत, गार हवा सोडणाऱ्या गाड्या भाड्यानं मिळायला लागल्या आणि लग्नाची बोलावणी बंद झाली. तात्यांकडे राहिले ते दवाखान्याचे पेशंट.

एका सकाळी ते दुकानात आले. सोबत त्यांची धाकटी मुलगी सुनंदा होती. ती गावातल्या बालवाडीत शिकवायची. तिचं लग्न माळेगावला ठरलं होतं. आमच्याकडे नवरीला न्यायची गाडी नवऱ्याकडचे आणतात. नवऱ्याचे मामा, भगवानआबा, त्या घरात सगळा कारभार बघायचे आणि त्यांनी नवीन गाडी भाड्यानं सांगायचं ठरवलं होतं. तात्यांनी पूर्ण बैठकीत एकच मागणं मागितलं होतं, की पोरगी माझ्या गाडीतून जाऊ द्या, मी चालवतो. त्यावर आबा म्हणाले होते, आधी गाडी बघतो, मग सांगतो.

“मिस्त्री,” तात्या मला म्हणाले, “पोरगी बघायला आले तवा एवढी धाकधूक न्हवती. आता गाडी बघायला येणार हायत.”

“तात्या, एवढं काय त्यात? नव्या गाडीतनं गेली तर गेली.”

“एवढ्या लोकांच्या पोरी मी पोचवल्या. आन माझी दुसऱ्याच्या गाडीतनं जायाची व्हय?”

मी उठून गाडीचं दार उघडलं. गाडीची अवस्था मात्र कठीण होती. डॅशबोर्ड पार भेगाळला होता, टेप कॅसेट गिळत होता आणि मागचे दोन्ही स्पीकर फाटून नुसते थरथरत होते. सुनंदानं मरून रंगाचं रेक्झिन निवडलं. तात्यांना काळं हवं होतं, पण काळं जास्त तापतं असं ती म्हणाली आणि विषय मिटला. त्या घरात कोणाचं चालतं ते मला कळलं.

मग स्पीकरवरून माझं आणि तात्यांचं वाजलं.

“दोन्ही स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर टाका,” ते म्हणाले.

“आन पुढं?”

“पुढं न्हाय.”

मी माझं भाषण सुरू केलं. आवाज चारी बाजूंनी आला पाहिजे, सगळा मागे कोंबला तर मागच्यांच्या डोक्यात घण पडतात आणि पुढच्याला काही कळत नाही, दारांमध्ये दोन बारके स्पीकर टाकतो, फरक बघा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पुढं बसणाऱ्यानं काय करायचं मग?” मी विचारलं.

“पुढं बसणाऱ्यानं रस्ता बघायचा.”

मला मनातून वाईट वाटलं. इतकं चांगलं काम करायची संधी आणि हा माणूस ऐकायला तयार नाही. पण गाडी त्यांची होती. मी फणफणत मागच्या फळीला भोकं पाडली आणि पुढच्या दारांना हात लावला नाही.

काम अर्ध्यात असताना भगवानआबा आले. माळेगाव तिथून जवळ, ते काही कामाला बारामतीत आले असतील, म्हणाले बघून जाऊ. त्यांना यायला याहून वाईट वेळ निवडता आली नसती. डॅशबोर्ड उतरवलेला, पुढचा पत्रा उघडा, मीटर पोत्यावर पडलेलं आणि रंगीत दोऱ्यांच्या गाठी मारलेल्या वायरी स्टेअरिंगखाली लोंबत होत्या. मागची सीट रस्त्याकडेला उभी करून ठेवली होती. आबांनी धोतराचा सोगा सावरला, आत वाकून बघितलं आणि सरळ उभे राहिले.

“ह्यातनं नवरी न्यायची?”

तात्या तिथंच होते. त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, हातात घेतला, परत खांद्यावर टाकला. इंदापूरच्या स्टँडवर ज्या माणसाचं सगळे ड्रायव्हर ऐकायचे तो माणूस माझ्या दुकानात असा उभा राहिलेला मला बघवेना.

“आबा,” मी म्हणालो, “सोयरीक जमवताना सैपाक अर्धा झाल्यावर चुलीपाशी गेला हुता का? ताटात वाढल्यावर बगा की.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. माणूस रागावला की हसला ते कळेना. “बुधवारी येतो,” म्हणाले आणि गेले.

त्यानंतर मी त्या गाडीवर जे काम केलं तसं पुन्हा कधी केलं नसेल. रेक्झिनला एकही सुरकुती ठेवली नाही. मीटरभोवतीचा गोल कोपरा फार अवघड असतो, तिथं रेक्झिन ओढून ओढून नखाएवढी घडीसुद्धा राहू दिली नाही. सुनंदा एकदा तात्यांबरोबर बघायला आली होती. तात्या स्टेअरिंगवर बसले, ती मागच्या सीटवर बसली, मी तात्यांची जुनी सनईची कॅसेट लावली.

“अजून वाढवा, काका,” ती म्हणाली.

मी वाढवलं.

“अजून.”

“पोरी, कान फुटतील.”

“फुटू द्या. बघू तरी कितपत जातंय.” ती पुढे तात्यांच्या मानेकडे बघत होती. मला वाटलं, लग्नाच्या आनंदात आहे पोरगी.

बुधवारी आबा आले. या वेळी मी गाडी सावलीत धुऊन पुसून ठेवली होती. त्यांनी दार उघडलं, माझ्या डॅशबोर्डकडे जेमतेम पाहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. मी टेप लावला. सनई त्यांच्या कानामागून एकदम उसळली आणि ते दचकले.

“अहो, सगळा आवाज मागंच हाय की! पुढं स्पीकरच न्हाईत?”

मी तात्यांकडे बोट दाखवलं. म्हटलं, आता यांनाच विचारा, मी सांगून थकलो. मला बरंच वाटलं, निदान एक माणूस माझ्या बाजूचा निघाला.

तात्या पुढच्या सीटवर आडवे बसले, पाय बाहेर सोडून. आणि जे माझ्याशी बोलले नव्हते ते आबांशी बोलले.

“आबा, नवरी मागं बसती. एका अंगाला नवरा, दुसऱ्या अंगाला पाठराखीण म्हातारी. मांडवात पोरगी रडती ते सगळ्यांच्या देखत, ते रिवाजाचं रडणं. खरं रडू येतं गाव सुटल्यावर. शाळंची भिंत दिसली, कुठं एखादा हापसा दिसला, की येतं. आन तवा तिला लाज वाटती. नव्या माणसाच्या शेजारी हुंदका कसा द्यायचा? पदर तोंडात कोंबून बसत्यात पोरी. मी आरशात बघितलंय. आपुन काय करणार? आपुन बटण फिरवायचं. आवाज डोक्यामागनं आला की शेजारच्याला हुंदका ऐकू जात न्हाय. पोरगी मोकळी हुती. कालव्याचा पूल आला की कमी करायचं. तवर बहुतेकींचं रडून झालेलं आसतं.”

सनई चालूच होती. मी हात घालून ती बंद केली. मला माझ्या चारी बाजूंच्या आवाजाची लाज वाटली असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी मला कळलं की मी इतकी वर्षं गाण्यासाठी स्पीकर बसवत होतो. गाडीत गाण्याशिवाय दुसरं काही चाललेलं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आबा बराच वेळ सीटच्या कापडावरून हात फिरवत राहिले.

“आमची थोरली जीपमधनं गेली,” ते म्हणाले. “टेप न्हवता तिच्यात. मी मागनं दुसऱ्या गाडीत हुतो. मला वाटलं, पोरगी धीराची हाय, आवाज सुदिक काढला न्हाय.” मग ते उतरले, धोतर झटकलं आणि जाता जाता तात्यांना म्हणाले, “ह्याच गाडीतनं येऊ द्या नवरी. फुलं आमी लावतो. आन त्या पुढच्या फळीला कुंकू लावताना जपा, मिस्त्रीनं जिवापाड काम केलंय.” तेवढ्यावर माझी छाती फुगली, हे कबूल केलं पाहिजे.

लग्नाला मी इंदापूरला गेलो. दुपारी पाठवणीची वेळ झाली तेव्हा तात्यांनी मला बाजूला घेतलं. माळेगावहून येताना एकट्यानं गाडी आणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. “चला सोबतीला,” म्हणाले. म्हणून मी पुढच्या सीटवर बसलो. मागे मधोमध सुनंदा, एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला पाठराखीण म्हणून तिची आत्या. आबा आणि बाकीची मंडळी पुढच्या गाड्यांतून निघाली होती. डॅशबोर्डवर आबांनी स्वतः एक बोट कुंकू लावलं होतं, अगदी कोपऱ्यात, जपून.

सुनंदा मांडवात रीतीप्रमाणे रडली. आईच्या गळ्यात पडली, भावाच्या गळ्यात पडली. गाडीत बसल्यावर मात्र तिनं डोळे पुसले आणि सरळ बसली. तात्यांनी टेप लावला, बारीक आवाजात. गाडी स्टँडवरून जाताना भाड्याच्या सगळ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनी एकदम हॉर्न वाजवले. कुणी ठरवून दिलं होतं माहीत नाही. ते कितीतरी वेळ वाजवत राहिले. तात्यांनी हात वर केला आणि हसले.

गाव सुटलं. बारामती रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, एकामागे एक, त्यामुळे आम्ही अगदी हळू चाललो होतो. तात्यांची नजर आरशात होती आणि डावा हात टेपच्या बटणापाशी. लेकीला कधी रडू येतंय याची ते वाट बघत होते. सुनंदाही आरशातच बघत होती. ती रडली नाही. पुढची बैलगाडी थांबली, तात्यांनी ब्रेक दाबला, गिअर बदलला आणि हात पुन्हा बटणाकडे नेता नेता मध्येच थांबवला. मी बघितलं तर त्यांचा खालचा ओठ दाताखाली होता आणि खांदे हलत होते. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला. माणूस फार जड काही उचलताना काढतो तसा. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते. समोर बैल, मागे जावई, तोंड कुठे लपवायचं त्यांना कळेना.

मलाही कळेना. मी समोरच्या मरून रेक्झिनकडे बघत बसलो.

“कांबळेकाका,” मागून सुनंदा म्हणाली, “सनई जरा वाढवा की. मला आवडती.”

मी बटण फिरवलं.

“अजून वाढवा.”

मी पूर्ण फिरवलं. मागची काच थरथरायला लागली. आत्याबाईंनी कानावर पदर ओढला. आणि तात्या रडले. एवढा मोठा माणूस, गाडी जराही न हिसकता, बैलगाड्यांमागून सावकाश चालवत, मोकळेपणानं रडला. सनई सगळी मागे होती. पुढे स्पीकर नव्हता, त्यामुळे मला प्रत्येक हुंदका ऐकू आला. मी त्यांनी सांगितलं होतं तसा रस्ता बघत राहिलो. माझेही डोळे भरले होते.

कालव्याचा पूल आला. पाणी सोडलेलं होतं, दोन्ही काठ भरून चाललं होतं. गाडी पुलावरून पलीकडे उतरली तेव्हा मागून सुनंदाचा हात माझ्या खांद्याला लागला.

“काका, कालवा गेला. आता कमी करा.”

मी आवाज कमी केला. तात्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, घसा साफ केला आणि आरशात न बघताच जावयाला विचारलं, “दादा, मागं लई तरास झाला न्हाय न्हवं आवाजाचा?”

जावई खिडकीबाहेर उसाकडे बघत होता. तो म्हणाला, “न्हाय, तात्या. आमाला काहीसुदिक ऐकू आलं न्हाय.”